बर्फात चाकांना मुभा असलेली वाट

बॉथेल

सिअ‍ॅटलच्या उत्तरेला बॉथेल नावाचं गाव आहे. तिथे माझी सून प्रज्ञा राहते. तिच्या गॅरेजमध्ये दोन क्वाड बाइक उभ्या आहेत. ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मोटरसायकलचं हँडल, तशीच बैठक, आणि खाली ट्रॅक्टरच्या पोराची वाटावीत अशी चार जाडजूड चाकं. लाल गाडी प्रज्ञाची. निळी, जरा लांब बैठकीची, माझ्या मुलाची. सुगतची.

सुगत गेल्या वर्षी मार्चमध्ये गेला. ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या हृदय बंद पडलं. आम्हाला व्हिसा मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याचे अंत्यसंस्कार आम्ही नवराबायकोने नागपुरात फोनच्या पडद्यावर पाहिले. तिकडची आपली मंडळी जमून त्रिसरण-पंचशील म्हणत होती; ओठ आधी हलत होते आणि आवाज मागाहून येत होता. ते अंतर अजून माझ्या कानात आहे.

डिसेंबरात मी एकटाच तिकडे गेलो. शांताला, माझ्या पत्नीला, ते घर पाहण्याचं धाडस झालं नाही. विमानतळावर ती एवढंच म्हणाली, "पोरगी अजून रडली नाही जी. फोन केला की नुसती कामं सांगते, हे केलं, ते भरलं. तुम्ही तिच्याजवळ बसा."

बसणं मला जमतं. कॉलेजच्या ग्रंथालयात माझा जन्म गेला. पण प्रज्ञाजवळ बसणं अवघड होतं, कारण ती बसतच नसे. सकाळी प्रयोगशाळेत जाई, संध्याकाळी येऊन भांडी, कपडे, अंगणातला पाला, कुणाला तरी ईमेल. शेजारणींनी मार्चमध्ये दारात ठेवून दिलेले खाण्याचे काचेचे ट्रे तिने घासून, प्रत्येकावर नाव चिकटवून, केव्हाच परत केले होते. आपल्याकडे माणूस गेला की घर माणसांनी भरतं, इतकं की रडायला कोपरा मिळू नये. तिकडे लोक दारात अन्न ठेवतात आणि हळूच निघून जातात, तुम्हाला एकांत मिळावा म्हणून. दोन्ही माया आहेत. पण त्या एकांतात प्रज्ञाने फक्त काम केलं.

एके संध्याकाळी तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "बाबा, हे बघा. सुगतचं प्लॅनिंग."

पडद्यावर डोंगराचा नकाशा होता. सुगत मला फोनवर नेहमी म्हणायचा, "बाबा, तुम्हाला एकही पायरी चढू न देता बर्फाच्या डोंगरावर नेतो." माझे गुडघे झिजलेत. मी हसून सोडून द्यायचो. त्याने मात्र सोडलं नव्हतं. दोघं मिळून वाट शोधत होते.

"त्यात एवढं शोधायचं काय?" मी विचारलं. "क्वाड आहे, डोंगर आहे."

"तसं नसतं ना बाबा. विंटरमध्ये जंगलातले चांगले रस्ते मशीनने सपाट करतात, ते स्नोमोबिलसाठी. त्या बर्फगाड्यांना खाली चाकांऐवजी पट्टा असतो. आपली चाकं त्यावर गेली की सगळा ट्रॅक खराब होतो, म्हणून चाकांना बंदी. आणि जे सपाट करत नाहीत, तिथे एक तर गेट लावलेलं असतं, नाहीतर बर्फ इतका की क्वाड पोटापर्यंत रुतते."

म्हणजे बर्फ हवा पण फार नको, रस्ता हवा पण कुणी नीटनेटका केलेला नको, आणि वर पोचल्यावर समोर तो मोठा पांढरा डोंगर दिसायला हवा. मी म्हटलं, "नाही मिळाली तर नाही मिळाली. मी खिडकीतूनही पाहतो डोंगर."

"नाही बाबा," ती म्हणाली. "तुमच्या रिटर्न फ्लाइटच्या आधी आपण जातोय. आय हॅव टु डू धिस." आणि लगेच उठून ओट्याकडे गेली.

मला डोंगराची ओढ नव्हती, हे मी इथे लिहून टाकतो. पण मी नको म्हटलं असतं तर तिच्या हातातलं हेही काम गेलं असतं. मी होकार दिला.

खिंडीपलीकडे

पिकअपच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर एकटी निळी गाडी. माझ्यासाठी प्रज्ञाने सुगतचा बर्फाचा पोशाख काढला होता. त्याच्या बाह्या मला लांब होतात. तिने त्या मनगटापाशी दुमडून चिकटपट्टी लावली, न बोलता, अगदी नीट.

बॉथेलला पाऊस होता. रस्ता खिंडीकडे चढू लागला तसा पावसाचा रंग बदलला, थेंब जड झाले, मग काचेवर न फुटता नुसते टेकू लागले. खिंड ओलांडली आणि एकदम आवाज बंद. बर्फाला आवाज नसतो हे मी वाचलं होतं. वाचलेलं आणि ऐकलेलं यात फरक असतो.

पहिल्या ठिकाणी गाड्या लावायला मोठं मैदान होतं आणि कडेला फलक: चाकांच्या वाहनांना मनाई. प्रज्ञाला ते ठाऊक होतं, पण मैदानाच्या मागून एक जुना लाकूडतोडीचा रस्ता निघतो असं नकाशात दिसत होतं. आम्ही तो शोधला. होता, पण बर्फाने असा बुजला होता की कडेच्या खांबांची फक्त टोपणं दिसत होती. प्रज्ञाने काठी खुपसून पाहिली. काठी मुठीपर्यंत गेली.

"कॅन्सल," ती म्हणाली आणि नकाशावर फुली मारली.

दुसऱ्या ठिकाणी रस्ता सुंदर होता, पाइन वृक्षांमधून वळत जाणारा, बर्फ घोट्याएवढा. फक्त त्यावर आडवं पिवळं फाटक होतं आणि फाटकाला कुलूप. पलीकडे एका हरणाच्या खुरांचे ठसे सरळ वर गेले होते.

"त्याला बरी मुभा आहे," मी म्हटलं.

प्रज्ञा हसली नाही. फाटकावर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. सून माझी बुटकी आहे. जाड कपड्यांमध्ये ती लहान मुलीसारखी दिसत होती. मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण आमच्यात तशी सवय नव्हती. मी घसा साफ केला. ती वळली, "चला बाबा, तुमचे पाय गारठतील," म्हणाली आणि ट्रकचा हीटर वाढवला.

त्या रात्री मुक्कामाच्या गावात एकच खानावळ उघडी होती. वाढणाऱ्या बाईंनी आम्हाला 'हनी' म्हणून हाक मारली; मला वयाच्या सत्तरीत कुणी पहिल्यांदाच मधाच्या नावाने हाक मारत होतं. राजम्याच्या दाण्यांचं दाट लाल कालवण आलं, वर किसलेलं चीज. प्रज्ञाने पर्समधून छोटी डबी काढून त्यात ठेचा कालवला आणि डबी माझ्याकडे सरकवली.

"हॉटेलात घरचं खातेस? लोक काय म्हणतील?"

"सुगत तर वेटरला पण द्यायचा. एकदा एक जण रडायला आला होता बिचारा. त्याला वाटलं केचप आहे."

आम्ही दोघं हसलो. मग दोघंही खाली पाहून जेवलो.

शांताचा फोन आला. "का जी, पोरगी जेवते का नीट?"

"जेवते."

"आणि?"

"आणि काही नाही. वाट शोधतोय."

वर

सकाळी आम्ही गावातल्या जंगल खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या मुलीने मोठा नकाशा पसरला. प्रज्ञाने फुल्या मारलेल्या जागा पाहून ती म्हणाली, "तुम्ही सगळं पश्चिमेकडून पाहिलंत. डोंगराच्या या अंगाला बर्फ कमी पडतो. हा रस्ता सपाट करत नाहीत, फाटक नाही, चाकं चालतात. वर एक मोकळं कुरण आहे. आकाश साफ असेल तर डोंगर समोर." मग पेन्सिल थांबवून तिने विचारलं, "एकट्याच जाणार?"

"नाही," प्रज्ञा म्हणाली. "आम्ही आहोत."

पायथ्याशी क्वाड उतरवली. प्रज्ञाने चाकांतली हवा थोडी सोडली. चाक जरा पसरलं की बर्फावर पकड चांगली बसते. मग पोळी आणि झुणक्याच्या गुंडाळ्या चकचकीत कागदात बांधून तिने इंजिनाजवळच्या एका खाचेत कोंबल्या.

"हे काय?"

"ओव्हन," ती म्हणाली. "वर पोचेपर्यंत गरम. सगळे करतात."

मी तिच्या मागे बसलो. बैठकीला पाठ टेकायला गादी होती, हाताला धरायला दोन्ही बाजूंना दांडे. निघालो तेव्हा मी ते इतके घट्ट धरले होते की खांदे दुखू लागले. मग हळूहळू सैल झालो. त्याचं कारण ते जंगल. दोन्हीकडे उंच, लालसर बुंध्यांची झाडं, प्रत्येक फांदीवर बर्फाचा जाड थर. मधूनच एखादी फांदी ओझं टाकून देई आणि वर उसळे, आणि पांढरी धूळ उन्हात तरंगत राही. एका बाजूला खोल घळ होती, तळाशी काळं पाणी. नागपूरच्या माणसाला उन्हाचे वीस प्रकार ठाऊक असतात. हे ऊन मला अनोळखी होतं. उजेड होता आणि ऊब नव्हती.

एका वळणावर समोरून गाड्या आल्या. पुढच्याने डावा हात वर करून तीन बोटं दाखवली. त्याच्या मागच्याने दोन, मग एकाने एक. शेवटच्याने नुसती मूठ. प्रज्ञाने बाजूला होऊन वाट दिली आणि त्यांना मूठ दाखवली. पुढे थांबलो तेव्हा मी विचारलं, हे काय होतं?

"माझ्या मागे किती जण येताहेत ते सांगायचं," ती म्हणाली. "रस्ता अरुंद असतो ना बाबा, ब्लाइंड वळणं असतात. एक बोट म्हणजे अजून एक येतोय, सांभाळून. मूठ म्हणजे मी शेवटचा, मागे कुणी नाही."

मला ही चाल फार आवडली. अनोळखी माणसाला पहिली गोष्ट सांगायची ती ही, की माझ्या मागे माझं कोण आहे. मी तिला तसं म्हटलंही. ती फक्त "हं" म्हणाली.

चढ वाढला. बर्फ खोल झाला. क्वाड दोनदा घसरली आणि एकदा मागची चाकं घळीच्या बाजूला सरकली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. प्रज्ञा शांतपणे म्हणाली, "बाबा, उजवीकडे झुका. अजून. गुड." गाडी वर आली. ती इतकी चांगली चालवते हे मला माहीतच नव्हतं. सुगतने सांगितलं होतं की नेहमी ती पुढे असते आणि तो मागे. मला तेव्हा ते त्याचं कौतुक वाटलं होतं.

पुढे, घळीच्या अगदी काठच्या वळणावर, समोरून दोन गाड्या आल्या. पुढे एक बाई, मागे एक पुरुष, दोघांची नारिंगी जाकिटं. बाईंनी एक बोट दाखवलं. प्रज्ञानेही हात वर केला आणि एक बोट दाखवलं. मी मागून ते पाहिलं. मला वाटलं, ते एक म्हणजे मी.

आणखी बरंच वर गेल्यावर एक पडलेलं झाड आलं. कुणीतरी करवतीने मधला भाग कापून गाडीपुरती जागा केली होती. प्रज्ञा उतरून ती जागा जोखत होती, तेवढ्यात खालून इंजिनांचा आवाज आला. तीच दोघं, वेगाने वर येत होती. आमच्याजवळ येऊन त्यांनी गाड्या बंद केल्या. बाईंनी हेल्मेट काढलं. सत्तरीच्या असाव्यात, पांढरे केस कपाळाला चिकटले होते, धाप लागली होती.

"तुमचा दुसरा माणूस सापडला का?" त्यांनी विचारलं.

प्रज्ञाने हेल्मेटची काच वर केली.

"तुम्ही एक दाखवलंत," त्या म्हणाल्या. "आम्ही वळणाखाली रुंद जागा पाहून त्याच्यासाठी थांबलो. कुणी आलंच नाही. मग डेल पायथ्यापर्यंत जाऊन आला. तिथे तुमचा ट्रक उभा, पण तो नाही. आम्हाला वाटलं, तो काठावरून खाली गेला."

डेल म्हणजे त्यांचा नवरा. त्याच्या गुडघ्यांपर्यंत बर्फ लागला होता. तो म्हणाला, "मी घळीत उतरून पाहिलं. पाण्यापर्यंत. ठसे कुठे दिसले नाहीत. मार्सी वरून हाका मारत होती. नाव माहीत नव्हतं, म्हणून नुसत्याच हाका."

प्रज्ञाने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हातमोजा घातलेला तो डावा हात. तिने तो उलटा-सुलटा करून पाहिला.

"मी एक दाखवलं?" ती मला मराठीत म्हणाली.

मी मान हलवली.

ती त्यांच्याकडे वळली. तिचा आवाज ऑफिसातल्या फोनवर असतो तसा होता. "आय अ‍ॅम सो सॉरी," ती म्हणाली. "तो माझा नवरा. तो नेहमी माझ्या मागे असायचा. तो मार्चमध्ये गेला. तो येत नाहीये. मी तुम्हा दोघांचा सगळा वेळ वाया घालवला, माझं चुकलं, हात आपोआप..." आणि ती थांबली.

फांदीवरून बर्फ सांडला.

मार्सीबाईंनी हातमोजे काढले. प्रज्ञाचे दोन्ही हात आपल्या उघड्या हातांत घेतले. "आम्हाला कुठे जायचं होतं, पोरी?" त्या म्हणाल्या. "काय नाव त्याचं?"

"सुगत."

त्यांनी ते नाव म्हणून पाहिलं. बरोबर म्हटलं.

मी त्या सगळ्या वेळात डेलच्या ओल्या गुडघ्यांकडे पाहत होतो. मार्चपासून माझ्या मनात एक टोचणी होती, की माझा मुलगा इतक्या दूर गेला आणि आम्ही त्याच्यासाठी एक पाऊल चालू शकलो नाही. आणि इथे एक म्हातारा माणूस, ज्याने त्याला कधी पाहिलं नव्हतं, त्याच्यासाठी बर्फाच्या घळीत उतरला होता, आणि एक बाई काठावर उभी राहून त्याला हाका मारत होती. मी उभं राहायला गेलो. गुडघ्यांनी साथ दिली नाही, तेव्हा बसूनच बोललो. आयुष्यभर इंग्रजी पुस्तकं हाताळूनही माझं बोलणं ग्रंथालयाच्या सूचनेसारखं निघतं.

"मी त्याचा पिता आहे," मी म्हटलं. "तुम्ही त्याला शोधलंत, त्याबद्दल मी आपला आभारी आहे."

डेलने मान खाली घातली. मग त्याने माझ्या खांद्यावर, म्हणजे सुगतच्या जाकिटाच्या खांद्यावर, एक थाप दिली. वर जायचं तर दुफाट्यावर डावीकडे राहा, ते झाड आम्हीच सकाळी कापलंय, असं सांगून दोघं परत फिरली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत प्रज्ञा त्यांच्याकडे पाहत होती. तिचे डोळे कोरडे होते.

"परत जायचं का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "जाऊ या."

कुरण

वर खरंच मोकळं कुरण होतं, कडेला झाडं आणि मधे कुणी न तुडवलेला बर्फ, परातीत चाळलेल्या मैद्यासारखा. डोंगर मात्र नव्हता. म्हणजे होता, पण ढगात. खालचा रुंद पायथा तेवढा दिसत होता, निळसर, आणि त्यावर सगळं पांढरं, त्यातलं डोंगर किती आणि ढग किती ते कळत नव्हतं.

"शी," प्रज्ञा म्हणाली. "एवढं येऊन."

"पाय दिसले ना," मी म्हटलं. "मोठ्यांचे पायच पाहायचे असतात."

या वेळी ती हसली, थोडं.

झुणका एका बाजूने करपला होता आणि दुसऱ्या बाजूने गार होता. इतकं चविष्ट काही मी त्या देशात खाल्लं नाही. खाऊन झाल्यावर तिने कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाली, "चला बाबा, आता तुम्ही चालवा."

"वेड लागलं का?"

"सुगतचं ठरलं होतं. वर पोचलो की बाबांना चालवायला द्यायची. सपाट आहे, कुणी नाही. बसा पुढे."

मी आयुष्यात सायकल आणि लूना याशिवाय काही चालवलं नव्हतं. पुढे बसलो. ती मागे बसली आणि माझ्या खांद्यावरून हात पुढे करून दाखवू लागली. "हा अंगठ्याजवळचा खटका, हा थ्रॉटल. हळू दाबा. हळू! बाबा, झाड! वळवा, वळवा. हां. आता ठीक. आईंना याचा व्हिडिओ पाठवला तर त्या मला जिवंत ठेवणार नाहीत."

मी पहिला फेरा घेतला. कुरणाच्या कडेने, बैलगाडीच्या वेगाने. दुसऱ्या फेऱ्याला स्वतःच्याच चाकोरीत चाक बसलं आणि मला जरा धीर आला. "जमतंय की," मी ओरडून म्हटलं.



मग माझ्या पाठीवर काहीतरी टेकलं. तिचं हेल्मेट. तिने जाकीट दोन्ही मुठींत धरलं. आधी वाटलं इंजिनाची थरथर आहे. मग इंजिन वळणावर हळू झालं, आणि थरथर तशीच राहिली, वाढली. त्या आवाजातूनही मला ते ऐकू आलं. लहान मुलासारखं, श्वास अडकत, त्याचं नाव घेत.

माझ्या मनात आलं की थांबावं, वळावं, तिला जवळ घ्यावं. पण मी तिला ओळखत होतो. मी थांबलो असतो तर ती डोळे पुसून उतरली असती, सॉरी बाबा म्हणाली असती आणि आवराआवर करायला लागली असती. मी वळून पाहिलं नाही. अंगठा बधिर झाला होता, तरी खटका तसाच दाबून धरला. कुरणाचं टोक आलं. टाकीत पेट्रोल भरपूर होतं. मी पुन्हा वळण घेतलं.